क्रियाशील धातू, रॉकेलची बाटली आणि तेलातली ऊर्जा

या वेळी सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. सोडिअम, पोटॅशिअम यांसारखे धातू तेलात का ठेवतात, आणि ते तेल स्वतःच इंधन असताना त्याचा भरवसा कसा धरायचा, असा त्यांचा सूर आहे. पत्रे विद्यार्थ्यांची आहेत, शिक्षकांची आहेत आणि एक पत्र लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या कारागिराचेही आहे. उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती क्रमाने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : सोडिअम हवेत पेट घेतो म्हणून तो केरोसीनमध्ये ठेवतात, असे आम्हांला शिकवले. पण केरोसीन तर स्टोव्हमध्ये जाळतात. पेटणारी वस्तू पेटणाऱ्या वस्तूतच ठेवली, तर दोन्ही मिळून मोठी आग लागणार नाही का? आणि दोघांपैकी जास्त ऊर्जा कोणात असते? (इयत्ता दहावीतील विद्यार्थिनी, अकोला)

तुझ्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्याच्या उत्तराने पहिला भाग आणखी कोड्यात टाकणारा होतो. एक ग्रॅम रॉकेल पूर्ण जळले, तर सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता मिळते, आणि तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान जवळपास १० अंश सेल्सिअसने वाढते. एक ग्रॅम सोडिअमची पाण्याशी अभिक्रिया झाली, तर मिळणारी उष्णता सुमारे ८ किलोज्यूल असते. तिने तेच पाणी जेमतेम २ अंशांनी तापेल. या अभिक्रियेत सुमारे अर्धा लिटर हायड्रोजन सुटतो. तोही जळाला असे धरले, तरी एकूण बेरीज १४ किलोज्यूलच्या पुढे फारशी जात नाही. म्हणजे वजनाला वजन तोलले, तर ज्याची आपल्याला भीती वाटते त्या सोडिअमपेक्षा ज्यात आपण तो निर्धास्तपणे बुडवून ठेवतो त्या रॉकेलमध्ये तिपटीहून अधिक ऊर्जा आहे.

असे असूनही पाण्यात टाकलेला सोडिअमचा खडा क्षणात वितळून गोळी होतो, पृष्ठभागावर सैरावैरा धावतो आणि कित्येकदा पेटतो. रॉकेलचा डबा मात्र वर्षानुवर्षे कोपऱ्यात तसाच असतो. याचे कारण ऊर्जेच्या साठ्यात नाही, ती बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. सोडिअमच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सैल धरलेला असतो. पाणी समोर आले की तो इलेक्ट्रॉन लगेच निघून जातो, त्यासाठी बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. रॉकेलचे रेणू म्हणजे साधारण १० ते १६ कार्बन अणूंच्या साखळ्या. त्यांतले कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन बंध भक्कम असतात, आणि ऑक्सिजनशी संयोग होण्याआधी ते तुटावे लागतात. ते तोडण्यासाठी सुरुवातीला जी ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. काडीने वात पेटवताना आपण तीच पुरवतो. ठिणगी न देता रॉकेल आपोआप पेटायचे असेल, तर त्याचे तापमान २०० अंशांच्या वर जावे लागते.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत नीट सांगितली जात नाही, ती येथे मुद्दाम सांगतो. ‘तेलातली ऊर्जा’ असे आपण म्हणतो खरे, पण ती एकट्या तेलात नसते. ती तेल आणि ऑक्सिजन या जोडीत असते. एक ग्रॅम रॉकेल जाळायला सुमारे ३.४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो हवेतून मिळतो. हवा तोडली की कितीही इंधन असले तरी जळणे थांबते. टीएनटी या स्फोटकात वजनामागे असलेली ऊर्जा रॉकेलच्या सुमारे एक दशांश आहे. पण टीएनटीचा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असल्यामुळे ती ऊर्जा क्षणार्धात बाहेर येते. रॉकेलला प्रत्येक कणासाठी हवेची वाट पाहावी लागते.

आता बाटलीत काय घडते ते पाहू. सोडिअमला हवे असते पाणी किंवा ऑक्सिजन, आणि रॉकेल या दोन्हींना अडवते. रॉकेलच्या रेणूतून सोडिअमला हिसकावून घेण्यासारखे काही नसते, कारण त्यातला हायड्रोजन कार्बनला घट्ट धरून असतो. सोडिअमची घनता ०.९७ आणि रॉकेलची सुमारे ०.८ असल्यामुळे धातू तळाशी बसतो आणि पूर्ण झाकला जातो. म्हणून बाटली शांत असते.

तरीही तुझी शंका बिनबुडाची नाही. बाटली फुटून सोडिअम ओल्या फरशीवर पडला, तर तो काडीचे काम करतो आणि सांडलेले रॉकेल सरपणाचे. शिवाय साधारण ३८ अंशांच्या पुढे गेलेल्या रॉकेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि तुमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवीन नाही. पत्र्याच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत, खिडकीच्या उन्हात ही बाटली ठेवणे म्हणूनच चुकीचे आहे.

प्रश्न : रेशनचे निळे रॉकेल आता आमच्याकडे मिळत नाही. सोडिअमच्या बाटलीतले रॉकेल उडून कमी होत आले असून काही तुकड्यांची टोके वर आली आहेत. बाटलीत शेंगदाण्याचे तेल किंवा डिझेल टाकले तर चालेल का? (प्रयोगशाळा परिचर, कनिष्ठ महाविद्यालय, तासगाव)

आधी तातडीचे सांगतो. उघडी पडलेली टोके आजच्या आज झाकायला हवीत, आणि त्यासाठी रसायनांच्या दुकानात मिळणारे द्रव पॅराफिन, म्हणजेच जड खनिज तेल, आणून वापरावे. ते रॉकेलपेक्षा सर्व बाजूंनी चांगले आहे. ते उडून जात नाही, त्याला वास नसतो, आणि त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयार व्हायला १५० अंशांहून अधिक तापमान लागते, म्हणजे उन्हाळ्याची चिंता मिटते. धातूला चिकटून राहत असल्यामुळे तुकडा वापरण्याआधी ते पुसून काढायला थोडा वेळ लागतो, एवढीच त्याची अडचण आहे. आमच्या मते रॉकेल मिळत असले तरी प्रयोगशाळांनी ते सोडून द्रव पॅराफिनकडे वळावे.

खाद्यतेल मात्र कदापि वापरू नये. शेंगदाण्याचे तेल दिसायला रॉकेलसारखेच तेलकट असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे कूळ वेगळे आहे. खाद्यतेल म्हणजे मेदाम्लांचे ग्लिसरॉलशी झालेले एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनलेले संयुग. त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो, आणि तेलात थोडी मुक्त मेदाम्ले व थोडी ओलही असते. मुक्त मेदाम्लाशी सोडिअमची अभिक्रिया होऊन साबण तयार होतो आणि हायड्रोजन सुटतो. एस्टरच्या बंधावरही सोडिअम हल्ला करतो. म्हणजे ज्याने धातूचे रक्षण करायचे तेच त्याच्याशी झुंजायला लागते, आणि बंद बाटलीत वायूचा दाब वाढत जातो. ऊर्जेच्या बाबतीत खाद्यतेल रॉकेलच्या फार मागे नाही, ग्रॅमला सुमारे ३७ किलोज्यूल. पण साठवणुकीसाठी तेल निवडताना त्यातली ऊर्जा पाहायची नसून त्याचा रेणू सोडिअमला काही देऊ शकतो का, हे पाहायचे असते. डिझेल हे रॉकेलच्याच कुळातले असले, तरी बाजारातल्या डिझेलमध्ये इतर मिश्रणे असू शकतात. ते टाळलेले बरे.

तेलाचा हा उपाय धातूइतकाच जुना आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये लंडनमध्ये वितळलेल्या पोटॅशमधून आणि कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून पोटॅशिअम आणि सोडिअम पहिल्यांदा वेगळे केले, तेव्हा हाती आलेला धातू टिकवायचा कशात, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. ताजा ऊर्ध्वपातित नॅफ्था त्यांना त्यासाठी सर्वांत योग्य वाटला. नॅफ्था हेही हायड्रोकार्बनच.

तुकडा काढताना घ्यायची काळजीही येथेच सांगतो. चिमटा, सुरी, काच आणि हात पूर्ण कोरडे असावेत, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. तुकडा गाळणकागदाने टिपून कोरड्या काचेवर कापला की आत चांदीसारखा लखलखीत भाग दिसतो आणि पाहता पाहता करडा पडतो. कापताना तो घट्ट खव्यासारखा वाटतो. लॅसेन चाचणीला, म्हणजे सेंद्रिय पदार्थातले नायट्रोजन, गंधक, क्लोरीन यांसारखे घटक ओळखण्याच्या चाचणीला, मुगाएवढा तुकडा पुरतो. ज्या कागदाने तेल टिपले त्यावर धातूचे बारीक कण राहिलेले असतात, आणि तो कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला तर ओल लागून टोपली पेटू शकते. सोडिअममुळे प्रयोगशाळांत होणाऱ्या लहान आगींचे हे एक नेहमीचे कारण आहे. हा कागद कोरड्या धातूच्या डब्यात वेगळा ठेवावा. त्याचे पुढे काय करायचे ते शेवटच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : लिथिअमही याच गटातला आहे, मग तोही रॉकेलमध्येच ठेवावा ना? (बी.एस्सी. विद्यार्थी, नांदेड)

ठेवता येत नाही, कारण तो तरंगतो. लिथिअमची घनता ०.५३ आहे, म्हणजे रॉकेलपेक्षाही तो हलका, आणि वर आलेला भाग हवेत उघडा पडतो. त्याला पेट्रोलियम जेलीत किंवा घट्ट पॅराफिनमध्ये गाडून ठेवतात, नाहीतर आर्गॉन वायूत बंद करतात. तेथे नायट्रोजन चालत नाही. लिथिअमचा नायट्रोजनशी साध्या तापमानालाही संयोग होतो. रुबिडिअम आणि सीझिअम तर काचेच्या सीलबंद नळीतच येतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या कपाटात पोटॅशिअमची फार जुनी बाटली सापडली आहे. तेल जवळजवळ आटले असून तुकड्यांवर पिवळट-नारिंगी थर दिसतो. वरचा थर खरवडून आतला चांगला धातू वापरावा, असा विचार आहे. (विज्ञान शिक्षक, सातारा जिल्हा)

कृपया त्या बाटलीला हात लावू नका. या अंकातले सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, म्हणून ते सविस्तर देतो.

जुन्या सोडिअमवर जो पांढरा थर येतो तो मुख्यतः हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा असतो. तो दाहक असतो, पण स्फोटक नसतो. पोटॅशिअमचे तसे नाही. ऑक्सिजन मिळाला की पोटॅशिअम नुसते ऑक्साइड न करता सुपरऑक्साइड करतो, म्हणजे प्रत्येक पोटॅशिअम अणूमागे ऑक्सिजनचा अख्खा रेणू अडकून राहतो. पिवळा-नारिंगी रंग त्याचाच. तेलाखाली ठेवलेल्या धातूवरही, तेलात विरघळलेल्या आणि वरून झिरपणाऱ्या हवेमुळे, वर्षांनुवर्षांत हा थर येऊ शकतो.

पहिल्या उत्तरात म्हटले की तेल निवांत असते कारण त्याला ऑक्सिजन बाहेरून आणावा लागतो. येथे नेमकी तीच अट नाहीशी झाली आहे. थरात ऑक्सिजन भरलेला आहे, त्याला चिकटून तेल आहे, आणि खाली क्रियाशील धातू आहे. इंधन आणि ऑक्सिजन एकमेकांना टेकून बसले आहेत. त्यांना पेटायला लागणारी ऊर्जा सुरीच्या दाबातून आणि घर्षणातूनही मिळू शकते. जुना पोटॅशिअम कापताना किंवा खरवडताना स्फोट होऊन माणसे जखमी झाल्याच्या घटना रसायनशास्त्राच्या सुरक्षा-साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून खरवडणे, कापणे, बाटली हलवणे, झाकण जोर लावून उघडणे, वरून नवे तेल ओतणे, यांतले काहीही करू नये.

खोली बंद करावी, बाटलीजवळ जाऊ नये अशी स्पष्ट सूचना लावावी, आणि मुख्याध्यापकांमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातील कार्यालयाला लेखी कळवून घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत केंद्राची मदत मागावी. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. जवळच्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचा सल्लाही घ्यावा. शाळेने पोटॅशिअम ठेवूच नये, असे आमचे ठाम मत आहे. त्याने जे दाखवायचे ते सोडिअमच्या बारीक कणाने किंवा चित्रफितीने दाखवता येते.

प्रश्न : आम्ही लाकडावर बेलतेल, म्हणजे जवसाचे उकळलेले तेल, लावतो. रात्री ढीग करून टाकलेल्या तेलकट चिंध्यांना आपोआप आग लागल्याचे एका कारखान्यात घडले. कोणी काडी ओढली नव्हती. हे कसे शक्य आहे? (पॉलिश कारागीर, सावंतवाडी)

हे पूर्णपणे शक्य आहे. जवसाच्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतला ऑक्सिजन साध्या तापमानालाही त्या बंधांजवळ हळूहळू जोडला जातो, आणि म्हणूनच हे तेल लाकडावर सुकून कडक पापुद्रा धरते. रॉकेलचे असे होत नाही. तेल ‘सुकते’ तेव्हा ते पाण्यासारखे उडून जात नाही. त्याचे ऑक्सिडीभवन होते आणि त्यात उष्णता बाहेर पडते.

फळीवर पसरलेल्या तेलातून ती उष्णता हवेत निघून जाते. चिंध्यांच्या ढिगात मात्र धाग्याधाग्यावर तेल पसरलेले असते, आत हवा खेळत असते आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. आतले तापमान थोडे वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता वाढते, आणि काही तासांत ढिगाच्या पोटात कापूस धुमसू लागतो. उकळलेल्या तेलात सुकण्याचा वेग वाढवणारे क्षार घातलेले असल्यामुळे हा धोका अधिक असतो. कामानंतर चिंध्या उघड्यावर, दोरीवर किंवा जमिनीवर, एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात. तेवढी जागा नसेल, तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणदार डब्यात बुडवून ठेवाव्यात. येथे पाणी उपयोगी पडते, कारण या चिंध्यांत क्रियाशील धातू नाही.

प्रश्न : कल्पाक्कमच्या अणुभट्टीत हजारो किलो सोडिअम असतो म्हणतात. तोही तेलात असतो का? (अभियांत्रिकी विद्यार्थी, ठाणे)

नाही. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे १९८५ पासून असलेली प्रायोगिक द्रुत प्रजनक (वापरते त्याहून अधिक अणुइंधन तयार करू शकणारी) भट्टी आणि तिच्या शेजारी उभारलेली ५०० मेगावॉटची मोठी भट्टी या दोन्हींत वितळलेला सोडिअम उष्णता वाहून नेण्याचे काम करतो. मोठ्या भट्टीसाठी त्याचे प्रमाण सुमारे १,७५० टन आहे. सोडिअम ९८ अंशांना वितळतो आणि भट्टीत त्याचे तापमान कित्येकशे अंश असते. तेथे तेल टिकणारच नाही. म्हणून पोलादी भांडी आणि नळ, आणि सोडिअमच्या पृष्ठभागावर आर्गॉनचे आवरण, अशी व्यवस्था असते. वाफ तयार होते त्या भागात सोडिअम आणि पाणी यांच्यामध्ये फक्त पोलादी नळीची जाडी असते, त्यामुळे गळती लगेच कळावी म्हणून सोडिअममधल्या हायड्रोजनवर सतत लक्ष ठेवावे लागते. जपानमधील मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये नळातून सोडिअम गळून आग लागली होती. किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडला नाही, पण भट्टी अनेक वर्षे बंद राहिली.

प्रश्न : सोडिअमच्या कपाटाला आग लागली तर काय वापरावे? आणि उरलेले बारीक तुकडे नष्ट कसे करावेत? (प्रयोगशाळा साहाय्यक, रत्नागिरी)

पाणी नको, कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे नको, आणि शाळा-कार्यालयांत सर्रास लावलेले एबीसी पावडरचे नळकांडेही धातूच्या आगीसाठी नको. जळता सोडिअम कार्बन डायऑक्साइडमधलाही ऑक्सिजन ओढून घेतो. धातूच्या आगीसाठी असलेली डी वर्गाची पावडर, कोरडे मीठ, कोरडा धुण्याचा सोडा किंवा कोरडी वाळू जाड थराने टाकून आग झाकावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत थर हलवू नये. सोबत तेलही जळत असले तरी हाच नियम. आधी तेल विझवू म्हणून पाणी मारले, तर तेल पसरते आणि सोडिअमचा भडका उडतो.

आपण रत्नागिरीचे आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. व्हरांड्यात टांगलेल्या लाल बादल्यांतली वाळू कोकणातल्या पावसाळ्यात कोरडी राहत नाही. ओली वाळू सोडिअमवर टाकणे म्हणजे पाणी टाकण्यासारखेच आहे. सोडिअमच्या कपाटाशेजारी झाकणाच्या डब्यात, भट्टीत तापवून कोरडी केलेली वाळू किंवा मीठ वेगळे ठेवावे, आणि पावसाळ्यात ते पुन्हा तापवून घ्यावे.

तुकडे बेसिनमध्ये टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. मुगाएवढे तुकडे एकेक करून, मोकळ्या हवेत किंवा धूर खेचणाऱ्या कपाटात, जवळपास ज्योत नसताना, भरपूर कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकावेत. तेथेही हायड्रोजन सुटतो, पण संथपणे. मागचा तुकडा पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा टाकू नये, आणि भांड्यावर घट्ट झाकण लावू नये. वरून पांढरा पडलेल्या तुकड्याच्या पोटात धातू शिल्लक असू शकतो, त्यामुळे बुडबुडे थांबले एवढ्यावर विसंबू नये. काही तास थांबून, कण उरला नाही ना हे पाहून, थोडे इथेनॉल आणि त्यानंतरच थेंबाथेंबाने पाणी घालावे; शेवटी द्रावणाचा दाहकपणा विरल आम्लाने घालवावा. तेल टिपलेले गाळणकागदही याच अल्कोहोलमध्ये भिजवून, मग बाहेर उघड्यावर वाळवून टाकावेत. ही पद्धत सोडिअमपुरती आहे. पोटॅशिअमसाठी ती वापरू नये.